पदवीआधीचे संशोधन: पानशेत-खडकवासला पट्ट्यातील एका परंपरेचा इतिहास

पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत आणि तेथून जलाशयाच्या काठाकाठाने पानशेतपर्यंत जाणारा सुमारे ४० किलोमीटरचा पट्टा आज पावसाळी सहली, कणसे आणि वाहनांच्या रांगा यांसाठी ओळखला जातो. परंतु महाराष्ट्रातील विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो ज्या थोड्या ठिकाणांपासून सुरू करावा लागेल, त्यांत या पट्ट्याची गणना करावी लागते. आज ‘संशोधनाची संधी’ म्हटले की विद्यापीठातील पीएच.डी.ची जागा, मान्यताप्राप्त मार्गदर्शक, दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती आणि शेवटी प्रबंध असा एक ठरलेला क्रम डोळ्यांसमोर येतो. या पट्ट्यात, म्हणजे मुठा नदीच्या खोऱ्यात, हा क्रम उलटा होता. येथे प्रश्न आधी आला, प्रयोगशाळा नंतर आली आणि पदवी सर्वांत शेवटी आली. आणि पहिल्या किमान दोन पिढ्यांसाठी संशोधनाची संधी याचा अर्थ सरकारी खात्याने काढलेला बदलीचा हुकूम एवढाच होता.

या उलट्या क्रमाचे मूळ एकोणिसाव्या शतकातील तंत्रशिक्षणाच्या हेतूत सापडते. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा जो वर्ग सुरू झाला, आणि ज्यातून पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, त्याचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याला, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘पीडब्ल्यूडी’ला, दुय्यम दर्जाचे प्रशिक्षित नोकर पुरवणे हे होते. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठही आरंभीची काही दशके मुख्यतः परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होते; अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले, आणि नवे ज्ञान निर्माण करणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे ही कल्पना १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्यानंतर हळूहळू रुजली. त्यामुळे पुण्याच्या महाविद्यालयातून ‘एल.सी.ई.’, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीचा परवाना देणारी पदवी, घेऊन बाहेर पडणाऱ्या हुशार विद्यार्थ्यापुढे पुढील अभ्यासाचा रस्ता नव्हता; नोकरीचा होता, आणि त्या नोकरीत जे सुचेल तेच त्याचे संशोधन.

१८८३ मध्ये ही परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. कर्नल फाइफ यांच्या आखणीनुसार मुठेवर बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले होते आणि त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ असे नाव पडले होते. त्या काळी जलाशयातील जादा पाणी सांडव्यावरून, म्हणजे धरणाच्या ठरावीक ठेंगण्या भागावरून, आपोआप वाहून जाऊ देत. सांडवा उंचावला तर साठा वाढतो, पण पुराच्या वेळी पाण्याला वाट कमी पडून धरणच धोक्यात येते. सांडवा ठेंगणा ठेवला तर पावसाळा सरताना पाणी हातचे निघून जाते. विश्वेश्वरय्यांनी यावर जी युक्ती काढली ती १९०३ मध्ये खडकवासल्यास बसवण्यात आली. सांडव्यावरील दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडवून धरत, पातळी त्याहून वर गेली की पाण्याच्याच जोराने व समतोल वजनांच्या साहाय्याने आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. म्हणजे धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. या रचनेचे त्यांनी पेटंट घेतले, परंतु तिच्यावर प्रबंध लिहिण्याची सोय तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हती आणि तशी गरजही कोणास वाटली नसती. नीरा कालव्यावर त्यांनी आखलेली ‘ब्लॉक’ पद्धत, म्हणजे जमिनीचे गट पाडून पिकांच्या फेरपालटीनुसार पाणी देण्याची व्यवस्था, हीसुद्धा आजच्या भाषेत उपयोजित संशोधनच ठरली असती. खात्याच्या दफ्तरी मात्र तिची नोंद सिंचन व्यवस्थापनातील सुधारणा एवढीच झाली.

संस्था म्हणून संशोधनाचा आरंभ १९१६ मध्ये झाला, आणि तोही नदीमुळे नव्हे तर बिघडलेल्या जमिनींमुळे. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात उसाला बेसुमार पाणी दिले जाऊ लागल्यावर काही वर्षांतच खोल काळ्या जमिनी चिबडू लागल्या, म्हणजे त्यांतील भूजलाची पातळी मुळांपर्यंत वर आली. आणि पाण्याबरोबर वर आलेले क्षार पृष्ठभागावर साचून काही जमिनी चोपण झाल्या. चिबड आणि चोपण हे दोन्ही शब्द शेतकऱ्यांचे. त्यांमागील कारणमीमांसा शोधण्यासाठी मुंबई सरकारने सिंचनाचा एक विशेष विभाग स्थापन केला आणि त्याची सूत्रे क्लॉड इंग्लिस या बांधकाम खात्यातील अभियंत्याकडे आली. हडपसर येथे सुरू झालेल्या या विभागाचे काम लवकरच जमिनीकडून पाण्याच्या प्रवाहाकडे वळले, कारण कालव्यातून नेमके किती पाणी सुटते हे मोजता आल्याखेरीज शेतास किती द्यावे हे सांगता येत नव्हते, आणि पाणी मोजण्यासाठी प्रवाहाचे नियम समजून घेणे भाग होते. भोर परिसरात वेळवंडी नदीवर भाटघर येथे त्याच दशकांत नवे, मोठे धरण उभे राहत होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. नीरेच्या कालव्यांत पाणी वाढणार हे उघड असताना ते कसे वापरावे हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता.

१९२५ मध्ये हे केंद्र खडकवासल्याला, धरणाच्या पायथ्याशी आणले गेले. या स्थलांतराचे कारण समजून घेण्यासाठी प्रतिकृतीवरील प्रयोग म्हणजे काय हे थोडे तपशिलात पाहावे लागते. नदी, बंधारा किंवा बंदर यांची लहान प्रमाणातील हुबेहूब रचना उघड्या जागी विटा, सिमेंट व वाळूची बांधतात आणि तिच्यातून पाणी सोडून खऱ्या ठिकाणी काय घडेल याचा अंदाज घेतात. अशा प्रयोगात लांबी-रुंदी कमी केली की वेग आणि विसर्गही त्याच पटीत कमी करून चालत नाही. गुरुत्वाकर्षणाने वाहणाऱ्या पाण्याच्या बाबतीत फ्रूडचा नियम पाळावा लागतो, आणि तो सांगतो की वेगाचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतके असले पाहिजे. म्हणून प्रतिकृती मूळ नदीच्या शंभराव्या हिश्शाएवढी असेल तर तिच्यातील वेग मूळ वेगाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो; खऱ्या नदीत १ तास ४० मिनिटे चालणारी घटना तेथे १० मिनिटांत उरकते; आणि १ लाख क्युसेकचा महापूर दाखवण्यासाठी १ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, पाणी पुरते. पुरते हे म्हणायला. कारण असे अनेक प्रयोग एकाच वेळी, दिवसचे दिवस चालवायचे तर तेवढे पाणी पंपाने चढवणे त्या काळी परवडणारे नव्हते. धरणाच्या पायथ्याशी मात्र जलाशयाच्या उंचीमुळे पाणी आपोआप उताराने येत असे, प्रतिकृतींतून फिरत असे आणि पुन्हा नदीस मिळत असे. व्ही आकाराची खाच कापलेल्या पत्र्यावरून पडणाऱ्या धारेची उंची अणकुचीदार सुईच्या मोजपट्टीने वाचून विसर्ग काढायचा, तळाशी पसरलेली वाळू कोठे खरवडली जाते आणि कोठे साचते हे पाणी थांबवून पाहायचे, आणि मग तीच मांडणी किंचित बदलून पुन्हा पाणी सोडायचे: हे काम बुद्धीइतकेच चिकाटीचे होते.

या मैदानावर सिंधमधील सक्करच्या बंधाऱ्याच्या उजव्या काठावरील कालव्यांत शिरणाऱ्या गाळाचा प्रश्न अभ्यासला गेला, गंगेवरील हार्डिंज पुलाच्या संरक्षणाचे प्रयोग झाले, आणि नद्या वळणे का घेतात या मूलभूत प्रश्नावरही काम झाले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारने ही प्रयोगशाळा आपल्याकडे घेतली. पुढे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या नावाने ती ओळखली जाऊ लागली आणि १९७१ पासून आशिया-पॅसिफिक विभागासाठीची संयुक्त राष्ट्रांची प्रादेशिक प्रयोगशाळा म्हणूनही तिने काम केले. इंग्लिस यांचा नद्या व कालवे यांच्या वर्तनावरील मोठा ग्रंथ १९४९ मध्ये याच केंद्राने प्रसिद्ध केला, तोवर ते इंग्लंडमध्ये तेथील नव्या जलसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले होते. खडकवासल्याचा अनुभव इंग्लंडला गेला, ही दिशा वसाहतीच्या इतिहासात नेहमीची नाही.

परंतु या ज्ञानाला लेखक होते, विद्यार्थी नव्हते, ही गोष्ट पुरेशी नोंदली गेलेली नाही. प्रतिकृतीची मापे घेणारे, रात्रपाळीत विसर्ग स्थिर ठेवणारे, वाळूचे कण चाळणीने वेगळे करणारे ओव्हरसियर आणि सहायक यांच्या श्रमातून जे निष्कर्ष निघाले ते वार्षिक अहवालांत खात्याच्या नावाने छापले गेले. त्यांतील कोणास त्या कामावर विद्यापीठाची पदवी मागता आली नाही, कारण विद्यापीठ त्या कामास ओळखत नव्हते. याचा एक फायदाही झाला: प्रश्न निवडताना तो प्रबंधात बसेल का असा विचार कोणास करावा लागला नाही. तोटा असा की वयाच्या पंचविशीत स्वतःचा प्रश्न स्वतः मांडण्याची, तो चुकला तर चुकू देण्याची जी मोकळीक पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास मिळते, ती येथे फार थोड्यांच्या वाट्याला आली.

ज्यांना ती हवी होती त्यांना परदेशी जावे लागे. १८९२ मध्ये जमशेटजी टाटा यांनी उच्च शिक्षणासाठी स्थापन केलेला निधी, संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्या किंवा घरचे पैसे असे मार्ग होते. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर बर्लिनला गेले आणि परतल्यानंतर कालांतराने १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला; तीच संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, त्यांच्या आग्रहानंतर तो सशर्त दिला गेला, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या विज्ञानशाखेतील पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. संधी कोणाला मिळाली हे सांगताना ती कोणत्या अटींवर मिळाली हेही सांगणे इतिहासलेखनाचे काम आहे.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. या दोन घटनांमध्ये वर्षभराचेही अंतर नव्हते, आणि त्यांच्या जोडीतून संशोधनाची एक नवी व्यवस्था आकारास आली: प्रयोगशाळेत जागा, साहित्य व मार्गदर्शक, विद्यापीठात नोंदणी, परीक्षा व पदवी. विद्यापीठ प्रयोगशाळेला संशोधन केंद्र म्हणून आणि तेथील शास्त्रज्ञाला मार्गदर्शक म्हणून मान्यता देई, आणि विद्यार्थी दोन्हीकडच्या कारकुनांना सारखाच परिचित होत असे. पुढे विद्यापीठाच्या याच मार्गाने खडकवासल्याच्या केंद्रातील कामालाही पदवीची वाट मिळाली. पण रसायनशास्त्रात जे लवकर घडले ते जलअभियांत्रिकीत उशिरा घडले, कारण रसायनशास्त्राचा पदार्थ बाटलीत मावतो आणि धरण मावत नाही.

आणि मग १९६१ चा जुलै आला. आंबी नदीवर पानशेत येथे पुण्याला आणि सिंचनाच्या कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी मातीचे धरण बांधले जात होते. काम १९६२ मध्ये पुरे व्हायचे असताना १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी अडवण्यात आले. धरणाखालून पाणी सोडण्यासाठी बांधलेली मोरी सळईविना काँक्रीटच्या ठोकळ्यांची होती आणि तिच्या दरवाजांची व्यवस्था अपुरी होती. मातीच्या धरणात अशी मोरी ही सर्वांत नाजूक जागा, कारण कडक बांधकाम आणि दाबलेली माती यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते, माती कणाकणाने वाहून नेते आणि वरचा भराव आतून पोकळ होत जातो. अभियांत्रिकीत या प्रक्रियेला अंतर्गत धूप म्हणतात. मोरीवरील भराव खचू लागला, ११ जुलैच्या रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली, आणि १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. पानशेतची आजची साठवण सुमारे १०.६५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, आणि खडकवासल्याची जेमतेम २ टीएमसी आहे. त्या दिवशी पानशेत पूर्ण भरले नव्हते हे धरूनही खालच्या धरणाला वरचा लोंढा पेलवणे अशक्य होते. तेही काही तासांत फुटले, आणि नारायण, शनिवार यांसारख्या नदीकाठच्या पेठा व डेक्कनचा भाग पाण्याखाली गेला. पूरग्रस्तांसाठी पुढे उभारलेल्या गोखलेनगरसारख्या वसाहती शहराच्या नकाशावर आजही आहेत.

या घटनेचा संशोधनाच्या इतिहासाशी असलेला संबंध दुहेरी आहे. ज्या जलाशयाच्या उंचीवर जलसंशोधन केंद्राच्या प्रतिकृती चालत तो जलाशयच एका सकाळी रिता झाला, आणि लोंढा केंद्राच्या शेजारून, नदीच्या त्याच पात्रातून शहराकडे गेला. हा योगायोग लेखकांना मोह घालणारा असला तरी त्यातून केंद्रावर ठपका ठेवणे अनुचित होय. मोरीच्या कडेने पाणी वाट काढते हे १९६१ मध्ये अज्ञात नव्हते. पानशेतला जे कमी पडले ते ज्ञान नव्हे, तर अपुऱ्या बांधकामावर पाणी न अडवण्याचा निर्णय. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पूर्ण केले. दुसरा संबंध अधिक खोल आहे: धरण बांधण्याचे शास्त्र आणि धरण सुरक्षित ठेवण्याचे शास्त्र हे वेगळे विषय आहेत, याची महाराष्ट्राला जाणीव झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने ती पक्की केली. कोयनेच्या धरणाला तडे गेले पण ते टिकले. आणि जलाशयाच्या भाराने भूकंप होऊ शकतो का, काँक्रीटचे धरण हादरे कसे झेलते या दोन प्रश्नांवर पुढे जगभरच्या विद्यापीठांत इतके काम झाले की कोयना हे नाव भूकंप अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत कायमचे रुजले. एका दुर्घटनेतून संशोधकांना विषय मिळावा हे निष्ठुर वाटते. परंतु धरणसुरक्षेचे शास्त्र इतरत्रही असेच वाढले आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये टीटन धरण फुटल्यानंतरच धरणफुटीच्या लाटेचे गणित संगणकावर मांडण्याला वेग आला. भारतात धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला, म्हणजे पानशेतनंतर बरोबर ६० वर्षांनी.

पानशेतचे धरण पुन्हा बांधून १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या आधीच्या आणि पुढच्या दशकांत खडकवासल्याच्या आसपास व पाषाण परिसरात संशोधनसंस्थांची दाटी होत गेली: उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था १९६२ मध्ये, आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्र १९८८ मध्ये, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था २००६ मध्ये, आणि पानशेतच्या वाटेवरच, गिरिनगर येथे, शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाची संस्था अभिमत विद्यापीठ होऊन पीएच.डी. देऊ लागली. निवडीची पद्धतही बदलली. १९८० च्या दशकात ‘नेट’ ही राष्ट्रीय परीक्षा सुरू झाल्यापासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेली ‘जेआरएफ’, ही संस्थेची नव्हे तर विद्यार्थ्याची झाली. ती हाती असली की गाईड शोधणे सोपे जाते. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्थांनी त्या त्या समाजगटांतील संशोधकांसाठी वेगळ्या अधिछात्रवृत्त्या दिल्या, आणि त्यांच्या जागा व रकमा वेळेवर मिळाव्यात यासाठी विद्यार्थ्यांची आंदोलनेही झाली. खात्याच्या हुकुमाची जागा अशा रीतीने अर्जाने घेतली.

पीएच.डी.नंतरचे संशोधन, ज्याला ‘पोस्टडॉक’ म्हणतात, ते या व्यवस्थेत सर्वांत उशिरा आले. प्रबंध मान्य झाल्यावर कायम नोकरीपूर्वीची दोन-तीन वर्षे दुसऱ्या गटात, दुसऱ्या प्रश्नावर काम करण्याची ही मुदत पाश्चात्त्य विद्यापीठांत रूढ असली, तरी येथे दीर्घकाळ तिचा अर्थ परदेशगमन असाच होता. मुंबईत १९६९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केलेले रघुनाथ माशेलकर इंग्लंडमधील सॅल्फर्डला गेले आणि १९७६ मध्ये पाषाणच्या प्रयोगशाळेत परतले, ही त्या पिढीतील नमुनेदार वाट म्हणता येईल. आता संशोधन सहयोगी म्हणून देशातच राहणाऱ्यास अनुभवानुसार दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये मिळतात. रक्कम वाढली, परंतु पुढची कायम जागा केव्हा निघेल याचे उत्तर तिच्यात नसते, आणि विश्वेश्वरय्यांच्या किंवा इंग्लिसच्या हाताखालच्या ओव्हरसियरला, त्याच्या कामास पदवी नसली तरी, ते उत्तर ठाऊक होते.

खडकवासल्याच्या आवारातील प्रतिकृतींच्या जोडीला आता संगणकीय प्रारूपे आली आहेत. गाळ, धरणफुटी आणि किनाऱ्याची धूप यांचे बरेचसे गणित पडद्यावर होते. तरीही सांडव्याखाली फेसाळणाऱ्या पाण्यात हवा किती मिसळते, किंवा पुलाच्या खांबाभोवती वाळू किती खोल खरवडली जाते, हे पाहण्यासाठी विटा-सिमेंटची नदी अजून बांधावी लागते आणि तिच्यात पाणी सोडावे लागते. ते पाणी खडकवासल्याच्या जलाशयातून येते, आणि उन्हाळ्यात त्या जलाशयात जे असते त्याचा मोठा भाग पानशेतहून आंबीच्या पात्रातून सोडलेला असतो.